पूजेत नवग्रह, पुस्तकात आठ... पोराला नक्की काय सांगू?

इंदिरानगरची_आई

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली गेल्या रविवारी. गुरुजींनी चौरंगावर नवग्रह मांडले, मधे सूर्य आणि भोवतीने बाकीचे, प्रत्येकाची सुपारी आपापल्या धान्याच्या मुठीवर. गहू सूर्याचे, तांदूळ चंद्राचे, तूर मंगळाची, मूग बुधाचे, हरभरे गुरूचे, मग वाल, तीळ, उडीद आणि शेवटी केतूचे कुळीथ (कुळीथासाठी रविवार कारंजाला किती फिरले ते विचारू नका).

आमचे चिरंजीव सहावीत. ते बाजूला मांडी घालून सुपाऱ्या मोजत बसलेले आणि मधेच मोठ्यांदा, "गुरुजी, यात पृथ्वी कुठंय?" सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "अरे, तू तिच्यावरच बसलायस ना."

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं, पण तेव्हापासून सुरूच आहे. सूर्य तारा आहे मग ग्रहांत कसा, चंद्र तर उपग्रह, राहू-केतू पुस्तकात कुठेच नाहीत आणि ग्रह तर आठच दिलेत. मी शाळेत होते तेव्हा प्लूटो धरून नऊ होते, तो मधेच कधीतरी काढला एवढंच ऐकून माहीत. मिस्टर म्हणतात सगळं थोतांड, सासूबाई म्हणतात थोतांड असतं तर गुरू सिंहेत आला म्हणून रामकुंडावर एवढी माणसं लोटली असती का, आणि मी फोडणी देत दोघांचं ऐकत असते. मला वाद लावायचा नाहीये. ग्रह कुणाला म्हणायचं हे ठरवतं कोण, आणि दोन वेगळ्या याद्या का, हे सहावीच्या पोराला कळेल असं कुणी सांगेल का?

सातपूरवाला

सोप्पंय ताई. एक विज्ञान, दुसरा धंदा. विषय संपला.

दुर्बीणवाला

विषय कसला संपतोय भाऊ, आत्ता तर सुरू झाला.

ताई, तुमच्या गुरुजींनी हसत हसत सांगितलं ना तेच खरं उत्तर आहे. रोज रात्री गच्चीवर जाऊन आकाश बघत बसलं, तेही महिनोन्महिने, तर बाकी सगळे तारे एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर राहतात, सप्तर्षींचा आकार पणजोबांनी पाहिला तोच तुमचा मुलगा पाहणार. पण डोळ्यांना दिसणाऱ्या सात गोष्टी अशा आहेत ज्या या ताऱ्यांमधून कायम सरकत असतात, सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. जुन्या लोकांचा प्रश्नच तो होता, काय सरकतं आणि किती वेगाने. त्या प्रश्नाच्या यादीत सूर्य असणारच आणि पृथ्वी नसणारच, कारण आपण जिच्यावर उभे आहोत ती आकाशात सरकताना कशी दिसणार. बाबिलोनमध्ये, ग्रीसमध्ये, आपल्याकडे, सगळीकडे हेच सात.

वार पण याच सातांचे, आणि त्यांचा क्रम कसा आला ते मुलाला वहीत करून बघायला सांगा. सगळ्यात हळू चालणाऱ्या शनीपासून सगळ्यात जलद चंद्रापर्यंत लिहायचं, शनी गुरू मंगळ रवी शुक्र बुध चंद्र, आणि दिवसाच्या २४ होऱ्यांना (होरा म्हणजे एक तास) ओळीने वाटत जायचं, संपले की परत शनीपासून. शनिवारचा पहिला होरा शनीचा धरला तर पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, येतो रवीचा, म्हणून रविवार. त्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्राचा, सोमवार. सातही वार असेच पडतात.

मग १५४३ साली कोपर्निकसचं पुस्तक आलं आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत प्रश्नच बदलला, सरकतं कोण हे नाही तर कुणाभोवती कोण फिरतं. या नव्या प्रश्नाला सूर्य यादीतून बाहेर, चंद्र बाहेर, पृथ्वी आत. ग्रह उरले सहा! म्हणजे यादी काही देवाने दिलेली नाही, प्रश्न बदलला की ती बदलते.

पुढची गंमत अशी की आकडा नंतर वरखाली होतच राहिला. १३ मार्च १७८१ ला विल्यम हर्शेलला युरेनस दिसला, त्याला आधी तो धूमकेतूच वाटला होता. १ जानेवारी १८०१ ला पियात्सीला सेरेस सापडला, झाला ग्रह. मग पॅलस, जुनो, व्हेस्टा, तेही ग्रह, पुस्तकांत रीतसर छापायचे. १८४५ नंतर मंगळ आणि गुरूच्या मधे असे एकामागून एक इतके सापडायला लागले की खगोलवाल्यांनी हात जोडले आणि सगळ्यांना लघुग्रहांच्या रांगेत बसवलं. सेरेस तोवर जवळपास पन्नास वर्षं ग्रह म्हणून मिरवला होता. प्लूटोसाठी लोक गळे काढतात, सेरेससाठी कुणी टिपूस गाळलं नाही.

प्लूटोचं तेच झालं. १९३० ला क्लाइड टॉमबॉने शोधला, १९९२ पासून त्याच्या आसपास त्याच्यासारखे बर्फाळ गोळे सापडायला लागले आणि २००५ ला एरिस जाहीर झाला, तो तर वस्तुमानाने प्लूटोपेक्षा सव्वापट. आता एकतर एरिस दहावा आणि त्याच्या मागे अकरावा बारावा अशी रांग, नाहीतर प्लूटो बाहेर. २४ ऑगस्ट २००६ ला प्रागला आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मतदान घेतलं, सूर्याभोवती फिरणारा हवा, स्वतःच्या गुरुत्वाने गोल झालेला हवा आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला हवा. तिसऱ्या अटीत प्लूटो नापास.

पंचवटीचे_जोशीकाका

दुर्बीणवाले, छान लिहिलंत. सातपूरवाले, तुमच्याशी नंतर बोलतो.

ताई, आमची बाजू सांगतो. पत्रिका म्हणजे जन्माच्या क्षणी पृथ्वीवरून, त्या गावाहून दिसणाऱ्या आकाशाचा नकाशा. नकाशा पृथ्वीवरून काढलेला म्हटल्यावर पृथ्वी त्यात कशी असेल? राशी बारा, मालक सात. सिंह रवीची, कर्क चंद्राची, उरलेल्या पाच जणांना दोन-दोन, बारा पूर्ण. विंशोत्तरी महादशा, म्हणजे आयुष्यातली कुठली वर्षं कुठल्या ग्रहाच्या अंमलाखाली याची वाटणी, १२० वर्षांची, ती नऊ जणांत वाटून झालेली आहे, शुक्राला २०, शनीला १९, राहूला १८ असं करत रवीला ६. आता यात प्लूटोला वर्षं कुणाच्या खिशातून काढून द्यायची? हर्षल (म्हणजे युरेनस), नेपच्यून, प्लूटो आम्ही मराठी पत्रिकेत लिहितो, मीही लिहितो, पण दशा त्यांना नाही. पाश्चात्य ज्योतिष्यांनी कुंभ हर्षलला, मीन नेपच्यूनला आणि वृश्चिक प्लूटोला देऊन टाकली, ती त्यांची पद्धत. प्रागला हात वर झाले म्हणून माझ्याकडची एकही पत्रिका बदलली नाही.

आणि गणिताला कुणी नावं ठेवू नका. सूर्यसिद्धांतात ४३,२०,००० वर्षांत गुरूच्या ३,६४,२२० फेऱ्या दिल्यात. भागाकार करा, एका फेरीला ११.८६ वर्षं, आजचा आकडाही तोच. साडेसाती पण भागाकारच आहे, शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे एका राशीत अडीच, आणि चंद्ररास, तिच्या मागची, पुढची अशा तीन राशी धरून साडेसात.

सातपूरवाला

काका भागाकार मान्य, एकदम मान्य. शनी तीन राशींतून साडेसात वर्षांत जातो हे गणित. त्या साडेसात वर्षांत माझं प्रमोशन अडतं हे कुठल्या गणितातून आलं ते सांगा की.

आणि हे तपासून झालंय बरं का, नुसतं माझं मत नाही. जयंत नारळीकरांनी दाभोलकरांच्या अंनिसला वगैरे बरोबर घेऊन प्रयोग केला होता, २००९ ला करंट सायन्समध्ये छापून आला. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका, ज्योतिष्यांना त्यातल्या ४०-४० दिल्या, ओळखा कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर किती? ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते.

पंचवटीचे_जोशीकाका

प्रयोग माहीत आहे. एका पत्रिकेवरून बुद्धी सांगा म्हणणं हेच आम्हाला मान्य नाही, पण तो वाद इथे नको, ताईंनी वेगळं विचारलंय.

अभियांत्रिकी_बॅकलॉग

प्रागच्या व्याख्येवर मी पण थोडं बोलू का, कारण सगळे असं बोलतात जसं काही सायन्सने फायनल निकाल दिला. मत देणारे ४२४ जण होते फक्त आणि तेव्हापासून खगोलवालेच त्यावर भांडतायत. ॲलन स्टर्न, ज्यांनी प्लूटोकडे यान पाठवलं, ते तर उघड म्हणतात की गोल असला की ग्रह, कुणाभोवती फिरतो नि शेजार मोकळा आहे का याच्याशी काय करायचंय. गंमत म्हणजे यान निघालं १९ जानेवारी २००६ ला तेव्हा प्लूटो ग्रह होता, आणि १४ जुलै २०१५ ला पोचलं तेव्हा नव्हता!

साइजवर पण जाऊ नका. गुरूचा चंद्र गॅनिमीड ५२६८ किमी व्यासाचा आणि बुध ४८७९, तरी बुध ग्रह आणि गॅनिमीड चंद्रच. प्लूटो बिचारा २३७७, आपल्या चंद्रापेक्षापण बारका. आणि परिसर मोकळा म्हणावं तर गुरूच्या कक्षेतच पुढेमागे हजारो लघुग्रह त्याच्याबरोबर फिरतात. अर्थात ते गुरूच्या ताब्यात आहेत, प्लूटो उलट नेपच्यूनच्या तालावर फिरतो, नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात याच्या दोन, त्यामुळे व्याख्या अगदीच अडाणी पण नाही. पण तिच्यात 'सूर्याभोवती' असं लिहिलंय. १९९५ ला ५१ पेगासी बी सापडला दुसऱ्या ताऱ्याभोवती, त्या शोधाला २०१९ ला नोबेल मिळालं, आणि तसे हजारो सापडलेत, ते या व्याख्येत बसतच नाहीत. सगळ्यांना आपण ग्रह म्हणतोच ना.

इंदिरानगरची_आई

बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. होऱ्यांचं गणित त्याने लगेच केलं, शुक्रवारपर्यंत बरोबर आलं आणि आता घरभर सांगत फिरतोय. सासूबाई पण खूश.

पण राहू-केतूचं कुणीच नीट बोललं नाही. ते दिसत नाहीत, फिरणारा गोळा नाहीत, मग जुन्या त्या 'काय सरकतं' यादीत तरी कसे? आणि जोशीकाका, तुम्हाला एक विचारू का, आमच्या नात्यात एका मुलीला कालसर्प सांगितलाय, त्र्यंबकला शांत करा म्हणतायत, घरचे फार घाबरलेत.

दुर्बीणवाला

राहू-केतू हा माझा आवडता भाग, मुद्दाम मागे ठेवला होता :)

सूर्याचा आकाशातला वर्षभराचा रस्ता एक, चंद्राचा महिन्याचा रस्ता दुसरा. दोन्ही एकावर एक नाहीत, चंद्राचा साधारण पाच अंशांनी कललेला आहे. त्यामुळे ते दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात, चंद्र जिथे खालून वर येतो तो राहू, जिथे वरून खाली जातो तो केतू, दोघं कायम समोरासमोर. अमावस्या दर महिन्याला होते पण ग्रहण दर महिन्याला होत नाही, कारण अमावस्येला सूर्य-चंद्र या छेदबिंदूंच्या जवळ असले तरच चंद्र सूर्याला झाकतो. आणि हे बिंदू सरकतात ताई! उलटे, साडेअठरा वर्षांत एक फेरी. म्हणजे 'काय सरकतं' यादीत बसायची त्यांची लायकी आहेच, डोळ्याने दिसत नाहीत पण गणिताने दिसतात. ज्यांना ग्रहण आधी सांगायचं होतं त्यांना ते लागायचेच. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला, हे आर्यभटाने ४९९ सालीच लिहून ठेवलंय, राक्षसाची गोष्ट वेगळी आणि पंचांगाचं गणित वेगळं.

मुलाला यातलं काही दाखवायचंच असेल तर २ ऑगस्ट २०२७ ही तारीख लिहून ठेवा. सोमवती अमावस्या, नाशिकच्या येत्या सिंहस्थातलं (कुंभमेळ्यातलं) पहिलं अमृतस्नान त्याच दिवशी, आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांच्या वर खग्रास, आपल्याकडे पश्चिम भारतातून दुपारनंतर खंडग्रास. आता जोशीकाकांना विचारा त्या दिवशी पंचांगात रवी, चंद्र, केतू कुठे आहेत.

पंचवटीचे_जोशीकाका

कर्केत, तिघेही. अंशांतही जवळ.

दुर्बीणवाला

घ्या. नासाच्या वेबसाइटवर बघा नाहीतर पंचांगात, चंद्र उतरत्या छेदबिंदूपाशी, म्हणजे केतूपाशी. तेवढ्यापुरतं दोघांचं एकच मत आहे.

पंचवटीचे_जोशीकाका

ताई, कालसर्पाचं मी जाहीर सांगतो, माझ्या व्यवसायातल्या काहींना आवडणार नाही. राहू आणि केतू यांच्या एकाच बाजूला सातही ग्रह आले की कालसर्प म्हणतात. जुन्या ग्रंथांत याचा आजच्यासारखा गाजावाजा नाही, हे आमच्यातलेच बरेच जाणकार सांगतात. मुलीची पत्रिका मला दाखवा हवं तर, दक्षिणा नको, पण कुणी घाबरवून शांत करायला लावत असेल तर करू नका. श्रद्धेने करायची असेल तर करा, भीतीने नको.

सातपूरवाला

काका, इथे मात्र तुम्हाला सलाम.

आता याचंही साधं गणित बघा. गुरू, शनी, राहू हळू चालतात, मंगळ, रवी, बुध, शुक्र त्यांच्या मानाने भराभर, चंद्र तर महिन्यात पूर्ण चक्कर मारतो. एकदा का बाकीचे सहा एका बाजूला जमले की ते कित्येक आठवडे तसेच राहतात, फक्त चंद्र दर महिन्याला पंधरा-एक दिवस त्याच बाजूला आणि पंधरा-एक दिवस पलीकडे. म्हणजे त्या दिवसांत सिव्हिलपासून मालेगावपर्यंत जेवढी बाळं जन्मली त्या सगळ्यांना कालसर्प! एका वॉर्डात सकाळपासून रात्रीपर्यंत झालेली सगळी. त्यातलं कुणी कलेक्टर होईल, कुणी रिक्षा चालवेल. मुलीच्या आईवडिलांना हे सांगा.

अभियांत्रिकी_बॅकलॉग

आधी एक डाउट, कुणी सिंहस्थाचं म्हटलं ना. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची, पण कुंभमेळा तर १२ वर्षांनी. मग दर वेळी गुरू थोडा पुढे जात नाही का? आणि मी ॲपवर बघितलं तर गुरू सिंहेत येऊन परत कर्केत चाललाय, हे काय प्रकरण?

दुर्बीणवाला

बॅकलॉग असून पॉइंट पकडलास. जातो ना पुढे. सात फेऱ्यांना ८३ वर्षं लागतात, ८४ नाही, म्हणून मधे एखादं अंतर बाराऐवजी अकरा वर्षांचं येतं. नाशिकचा १९८० ला झाला आणि पुढचा १९९१ ला, मग २००३, २०१५. गुरू ज्या राशीत असेल तसं ठरतं, कॅलेंडरवर बारा मोजून नाही.

आणि परत कर्केत जाणं म्हणजे वक्री. कसारा घाटात आपण ट्रकला ओव्हरटेक करताना ट्रक मागे मागे चालल्यासारखा दिसतो ना, पलीकडच्या डोंगराच्या मानाने, तसंच. पृथ्वी आतल्या कक्षेतून जोरात जाते, गुरूला मागे टाकते आणि साधारण चार महिने गुरू ताऱ्यांमधून उलटा चाललेला दिसतो. येत्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, तेव्हा गुरू सिंहेत, मग जानेवारीत मागे कर्केत आणि जूनअखेर पुन्हा सिंहेत. तुझं ॲप परदेशी असेल तर राशीही वेगळी दाखवेल, त्यांचं मेष वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या जागेपासून) सुरू होतं आणि आपलं ताऱ्यांना धरून, दोघांत आज २४ अंशांचा फरक पडलाय. सेटिंगमध्ये निरयन (ताऱ्यांना धरून मोजलेलं) असेल ते कर.

पंचवटीचे_जोशीकाका

या फरकावरून, म्हणजे अयनांशावरून, टिळक पंचांगवाल्यांना (ते तो वेगळा धरतात) कुणी इथे बोलावू नका म्हणजे झालं, धागा सिंहस्थापर्यंत चालेल.

एक भर घालतो, मराठी माणसाचं आहे म्हणून. ग्रहगणितवाले व्यंकटेश बापूजी केतकर, त्यांनी १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं गणित छापलं होतं. नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माची फेरी २४२ वर्षांची काढली होती, आणि १९ वर्षांनी प्लूटो सापडला तो २४८ चा.

अभियांत्रिकी_बॅकलॉग

भारी आहे हे, माहीतच नव्हतं. पण काका, प्लूटो इतका हलका निघाला की त्याचा ओढा कुणाच्या कक्षेत जाणवणं शक्य नाही, म्हणजे जुळलं ते नशिबाने. अमेरिकेतला खगोलशास्त्रज्ञ लॉवेल, त्याचं पण तसंच, त्याने वर्तवलेल्या जागेच्या जवळ सापडला तरी गणित चुकीचंच होतं.

इंदिरानगरची_आई

खूप खूप धन्यवाद सगळ्यांचे. मी त्याला असं सांगितलं की गुरुजींचे नऊ हे आपल्या गच्चीवरून मोजलेले आणि पुस्तकातले आठ सूर्यापाशी उभं राहून मोजलेले. त्याला पटलं. लगेच पुढचा प्रश्न, सूर्यापाशी उभं राहिलं तर राहू-केतू दिसतील का :D मिस्टर हसतायत, सासूबाई जपाला बसल्यात. कालसर्पाचं मी त्या मुलीच्या आईला फोनवर वाचून दाखवलं, पत्रिका काकांना पाठवतील त्या.

आता त्याला खरोखर आकाशात दाखवायचंय. दुर्बीण विकत घ्यावी का, आणि नाशकात कुठे न्यायचं?

दुर्बीणवाला

सूर्यापाशी राहू-केतू नाहीत, चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणून ते आहेत. सांगा त्याला, प्रश्न फार चांगलाय.

टेलिस्कोप लगेच नका घेऊ, तीन हजाराचे खेळण्यातले मिळतात ते तर अजिबात नको, हलतात नुसते. साधी १० बाय ५० ची बायनॉक्युलर घ्या, भिंतीला टेकून धरली तरी गुरूचे चार चंद्र दिसतात, रोज त्यांच्या जागा बदललेल्या. ते वहीत काढून ठेवायला सांगा. शनीची कडी मात्र तिच्यातून नाही दिसणार, त्याला टेलिस्कोपच लागतो. त्र्यंबक रोडला यशवंतराव चव्हाण तारांगण आहे, शो कधी असतो ते आधी फोन करून विचारा. आणि अंधार हवा असेल तर त्र्यंबक ओलांडून जव्हारच्या अंगाला जा, अमावस्येच्या आसपास, पाऊस संपला की. युरेनस तिथून बायनॉक्युलरमधून सापडतो, नकाशा लागेल, मी पाठवतो.

सूर्याकडे तिच्यातून चुकूनही बघू देऊ नका. २०२७ च्या ग्रहणाचे चष्मे पण वेळेत मागवून ठेवा, आदल्या आठवड्यात मिळत नाहीत आणि मिळाले तर दुप्पट भावाने.